किक मारायची घाई करू नका

या वेळी आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची आहेत. वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभी राहून बसलेली जुनी मोटरसायकल परत चालू करायची, सुरुवात कुठून करू? पत्रं लांबलचक होती म्हणून प्रश्न थोडे कापून घेतलेत, उत्तरं मात्र हात आखडून दिलेली नाहीत.

प्रश्न : दादा, नमस्कार. बाबांची कास्ट आयर्न इंजिनाची जुनी ३५० बुलेट साधारण १८ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. बाबा आता नाहीत. मला ती चालू करायचीच आहे, आणि जमलं तर स्वतः. पण किक खाली जातच नाही, दगडासारखी घट्ट. भाऊ म्हणतो दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढू, गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की आपोआप सुटेल. करू का?

उत्तर : ताई, भावाला सांगा दोर जागेवर ठेव. ओढून इंजिन सुटतं हे खरं, पण आत काय मोडून सुटलं ते तेव्हा कळत नाही. या १८ वर्षांत झालंय असं, की सिलिंडर बिडाचा, पिस्टनच्या रिंगा बिडाच्या, दोघांमधला ऑइलचा पातळ थर कधीच खाली उतरून गेलाय, आणि गाडी उभी केली तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर त्या वाटेनं दमट हवा आत जात राहिलीय. म्हणजे रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गंजानं एकमेकांना चिकटलेत. अशात जोर लावून चाक फिरवलं की रिंग तुटते आणि तुकडा बोअर खरवडत वरखाली जातो. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असला तर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी खालून ढकलणारी दांडी, वाकतो. आणि काहीच सुटलं नाही तर मागचं चाक लॉक होऊन गाडीवर बसलेला माणूस आपटतो, ते सगळ्यात वाईट. मी कॉलेजात असताना मामांच्या गाडीवर उभा राहून सगळं वजन टाकून किक मारली होती. कट्कन आवाज आला, किक खाली गेली, मला वाटलं जिंकलो. हेड उघडल्यावर बोअरमध्ये वरपासून खालपर्यंत एक चर दिसली, नख अडकेल एवढी खोल. तो सिलिंडर चांगला होता हो, दोन आठवडे थांबलो असतो तर वाचला असता. तेव्हापासून बंद गाडीला मी पहिल्या दिवशी किक मारत नाही म्हणजे नाही.

तुम्ही असं करा. आधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, केबल कुठून वळते, वॉशर कोणत्या बाजूला आहे, सगळं. मग प्लगच्या भोवतीची माती ब्रशनं आणि हवेनं साफ करा, कारण प्लग काढला की ती माती सरळ आतच पडणार आहे. प्लग घट्ट असेल तर झटका देऊ नका, बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा आणि मग सोडवा. आवळताना गंजाचा थर फुटतो, हे जुन्या प्रत्येक बोल्टला लागू आहे.

प्लग निघाला की मोबाइलला जोडता येणारा छोटा बोअरस्कोप मिळाला तर भोकातून आत बघा. नुसता तपकिरी मुलामा दिसला तर आशा आहे. मग डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं किंवा ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं असं मिश्रण करा (हे दुसरं लवकर मुरतं पण अ‍ॅसिटोन रंगावर सांडलं तर रंग उठतो, शिवाय पेट घेतं, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळ आग नको). प्लगच्या भोकातून साधारण ५० मिली आत सोडा. बुलेटचा सिलिंडर उभा असल्यानं ते पिस्टनच्या माथ्यावर साचतं आणि चारी बाजूंनी रिंगांत उतरतं. भोकावर कापड कोंबा आणि गाडीपासून लांब व्हा. दुसऱ्या दिवशी उतरलं असेल तर परत सोडा. आठ दिवस, पंधरा दिवस, जेवढे लागतील तेवढे. मधल्या काळात उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढून बघा, जो व्हॉल्व्ह बंद आहे त्याचा पुशरॉड दोन बोटांनी फिरायला हवा. तो फिरत नसेल किंवा उलट नको तितका ढिला असेल तर व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा आणि पुढचं काही करू नका, हेड खोला.

पुशरॉड ठीक असतील तर गाडी स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, प्लग काढलेलाच, आणि मागच्या टायरवर खडूनं एक रेघ, तिच्यासमोर मडगार्डवर दुसरी. आता चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा, ढकलायचं नाही, झुलवायचं. सुरुवातीला रेघ जी हलेल ती फक्त चेन आणि गिअरमधला ढिलेपणा असतो, तेवढं अंतर लक्षात ठेवा. आणि मग एखाद्या दिवशी ती रेघ त्याच्या पुढे बोटभर सरकते, प्लगच्या भोकातून लालसर तेलाचा एक बुडबुडा फुटतो. तो क्षण आला की तिथेच थांबा, मोह होतो पण पुढे रेटू नका. परत तेल सोडा, परत मागे आणा, परत पुढे, असं करत पूर्ण फेरा होऊ द्या.

सुटली म्हणून लगेच चालू करायची असंही नाही. माझं मत स्पष्ट आहे, एवढी वर्षं जाम असलेल्या इंजिनाचा हेड आणि सिलिंडर एकदा उतरवून बघाच. बोअरवर नुसते डाग असतील तर होनिंग (आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं, नखाला खड्डे लागले तर रिबोअर, म्हणजे भोक मोठं कापून ओव्हरसाइझ पिस्टन. सिलिंडर उतरवलेला आहे तोवर कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा, खटखट लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलंय. बाजूला थोडी हलली तर घाबरू नका, तेवढी जागा असतेच.

आणि ऑइलचं एक. या इंजिनात ऑइलचा साठा क्रँककेसमध्येच वेगळ्या कप्प्यात असतो, आणि अशा, क्रँकखाली ऑइल न साठवणाऱ्या (ड्राय संप) बऱ्याच जुन्या इंजिनांत गाडी उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपत क्रँकच्या खाली येऊन बसतं. म्हणून दोन्ही ड्रेन उघडून जुनं ऑइल पूर्ण काढा, फिल्टर आणि जाळ्या साफ करा, नवं भरा. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून पन्नासेक किक मारा, रॉकरची झाकणं उघडी ठेवून. वर ऑइल ओलं चमकायला लागेपर्यंत प्लग लावायचाच नाही. क्लचच्या प्लेटा पण एकमेकींना चिकटलेल्या असणार, क्लच दाबून धरून चार-पाच वेळा किक मारली की सुटतात, नाहीतर पहिला गिअर टाकल्या टाकल्या गाडी उडी मारते.

मग खरी किक. चार्ज केलेली बॅटरी असेल तर चावी लावून किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत आणा, डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून किंचित पुढे न्या, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण पाय. बाबांना हे करताना तुम्ही पाहिलं असेल.

प्रश्न : काका, माझ्याकडे जावा २५० आहे, दहा-बारा वर्षं बंद होती. इंजिन मोकळं आहे, स्पार्क आहे. टिकलर (कार्बोरेटरवरचं बटण) दाबून पेट्रोल ओव्हरफ्लो केलं की चालू होते, दहा-पंधरा सेकंद चालते आणि बंद. आणि कधीकधी रेस न देता आपोआप आवाज चढत जातो, मी घाबरून प्लगची कॅप ओढतो.

उत्तर : कॅप ओढणं आधी बंद करा, शॉक बसतो, आणि स्पार्कला जायला जागा राहिली नाही की कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फाटतं. चावी बंद करायची आणि तरी थांबली नाही तर हवा घ्यायचं तोंड जाड कापडानं दाबायचं.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी सांगताय. ओव्हरफ्लोवर चालते आणि मग मरते, याचा सरळ अर्थ पेट्रोल कमी पडतंय. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरतं ते जुन्या वॉर्निशसारखा वास मारणारं चिकट पाणी, ते वाळून कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतं. पहिल्यांदा बळी जातो तो पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा, त्याचं भोक केसाएवढं. जेट काढून उजेडासमोर धरा. साफ जेटमधून गोल ठिपका दिसतो, कडा एकदम रेखीव. चंद्रकोर दिसली तरी तो तुंबलेला आहे, निम्मा उघडा म्हणजे चालेल असं नाही. स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट कधीच नीट वागत नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, वायरमधला तांब्याचा एकेक धागा किंवा नायलॉनचा दोरा चालेल, नंतर हवा मारा. जेट साफ केला आणि बॉडीतली वाट तशीच ठेवली तर काही उपयोग नाही, जेटच्या मागच्या भोकात स्प्रे मारल्यावर दुसरीकडून धार निघायलाच हवी. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत डुचमळलं तर भोक आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोकाच्या जागी बुडबुडे येतात. एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर, तिथून सुरुवात करून कानानं ठरवा. टाकीचा कॉक पण उघडा, अर्धे लोक कार्बोरेटर पाच वेळा साफ करतात आणि कॉकची जाळी विसरतात.

आता ते आपोआप आवाज चढणं. हे मला जास्त काळजीचं वाटतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबली जाते, मग वर जाते. म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील हवाबंद असणं हा इंजिनाच्या श्वासाचाच भाग झाला. रबर उभ्या उभ्या वाळतं, कडक होतं. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप पळतं, तापतं आणि पिस्टन सीज होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, मग सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, प्लग काळा ओला, आणि गिअर ऑइलची लेव्हल आठवड्याआठवड्याला कमी. खात्री करायची तर कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून सगळी तोंडं रबरानं बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपानं फक्त ५-६ पीएसआय हवा भरा, त्याहून जास्त नको, आणि साबणाचं पाणी लावून बघा बुडबुडे कुठे येतात. सील बदलायला क्लच किंवा डायनॅमो उतरवावा लागेल, काम आहे, पण सील गेलेल्या इंजिनावर कार्बोरेटर ट्यून करत बसणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

मिक्स ऑइल विसरू नका, २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, २० ला १ म्हणजे ५० मिली. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असेल ते घ्या आणि मापानं घ्या, अंदाजानं नको.

प्रश्न : टाकीत गंजाचा चुरा आहे. एकानं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतून हलवायला सांगितलं. ओतू?

उत्तर : नको. ते गंज खातं आणि गंज संपला की चांगला पत्रा खायला लागतं, वाफेनं आजूबाजूची सगळी लोखंडी हत्यारं गंजतात ते वेगळंच. जुन्या टाकीचा पत्रा कधीकधी शिवणीशी आधीच पातळ झालेला असतो, अ‍ॅसिडनं तिथे जाळी पडते.

आधी सगळं जुनं पेट्रोल काढा, कॉक काढून भोक बंद करा, मूठभर नट-बोल्ट किंवा जुनी चेन आत टाकून हलवा म्हणजे सुटे पापुद्रे निघतील. टाकलेले मोजून ठेवा आणि निघालेले मोजा. मग गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबाचं फूल, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवा. बाहेर सांडलं तर रंग खराब होतो, म्हणून तोंडाभोवती प्लॅस्टिक. ओतून टाकल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं खळबळा, साध्या पाण्यानं धुवा, आणि इथे मात्र घाई करा, कारण उघडा पडलेला पत्रा डोळ्यांदेखत पिवळा व्हायला लागतो. गरम हवेनं लगेच वाळवा आणि थोडं टू-स्ट्रोक ऑइल आत फिरवून ठेवा.

गंज फारच जाड असेल तर इलेक्ट्रोलिसिस. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत टांगलेल्या साध्या लोखंडी सळीला, सळी पत्र्याला कुठेच टेकता कामा नये. सळी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं आणि वायर काढण्याआधी चार्जर बंद करायचा. पेट्रोलच्या टाकीला रिकामी दिसते म्हणून वेल्डिंग करू देऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेनं भरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची.

प्रश्न : गाडी थंड असताना एका किकमध्ये चालू होते. दहा मिनिटांनी मिसिंग मारते, फटाके मारते, बंद पडते. अर्ध्या तासानं परत चालू. कार्बोरेटर तीनदा साफ केला. पॉइंटवाली (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली) गाडी आहे.

उत्तर : कंडेन्सर बदला, म्हणजे पॉइंटांना जोडलेला, वीज साठवणारा छोटा डबा. गरम झाला की आतलं इन्सुलेशन गळायला लागतं. पॉइंटचं झाकण काढून अंधारात बघा, पॉइंटांमध्ये मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगवर स्पार्क पिवळा, मरतुकडा असेल तर तोच. न वापरलेला पण जुन्या स्टॉकमधला मिळाला तर त्यावर आंधळा विश्वास नको, डब्यात पडून पडूनही तो जातो. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, नंतर स्वच्छ कोरा कागद मधून ओढा कारण घासल्याची भुकटी राहते, आणि गॅप फीलर गेजनं बसवा, बहुतेक जुन्या गाड्यांना ०.४ मिमीच्या आसपास असतो. कंडेन्सरनंही फरक नाही पडला तर इग्निशन कॉइल गरम असताना तपासा. स्पार्क बघताना प्लग हेडला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ फेकली जाते.

प्रश्न : आजोबांची गाडी आता मस्त चालते. पण रंग उडालाय, टाकीवर गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंना पत्रा दिसतो. पूर्ण उतरवून पावडर कोटिंग आणि क्रोम करून घ्यावं असं सगळे म्हणतात. तुमचं मत?

उत्तर : गाडी तुमची, पण मला विचाराल तर टाकीला हात लावू नका. रंग परत कधीही देता येतो, त्या दोन खुणा परत कोणी देऊ शकत नाही. तुमच्या आजोबांचे गुडघे तिथे होते. मूळ रंग, हातानं ओढलेल्या सोनेरी रेघा, कारखान्यातून आलेलं स्टिकर, हे एकदा खरवडलं की संपलं. गंज थांबवायचा एवढंच करा, साबणाच्या पाण्यानं धुवा, उघड्या पत्र्यावर मेण चोळा, दर दोन-तीन महिन्यांनी परत.

फ्रेम खरंच सडत असेल तर ती रंगवावीच लागेल, तिथे हट्ट नको. फक्त पावडर कोटिंग केलं तर इंजिन जिथे फ्रेमला बसतं आणि अर्थची वायर जिथे लागते तिथला थर खरवडून धातू उघडा करा. सुंदर रंगवलेली गाडी आणि एकही दिवा लागत नाही, हॉर्न नाही, स्पार्क नाही, अशी तक्रार मी कितीदा ऐकलीय, आणि दर वेळी अर्थिंगच निघालं.

प्रश्न : इंजिन चालू झालं! उद्या पहिली फेरी मारू?

उत्तर : अभिनंदन, मनापासून. पण उद्या नको.

आधी टायर. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. तीनच आकडे असले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी नवीकोरी दिसते म्हणून ठेवू नका, रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. ट्यूब आणि आतली रिम टेप पण त्याच वेळी बदला. स्पोकवर पान्यानं हलकं टिचकी मारत जा, सगळे साधारण एका सुरात वाजायला हवेत, जो मेल्यासारखा वाजेल तो ढिला.

मग ब्रेक. ड्रम उघडून बघा, शूचं लायनर पत्र्यापासून सुटत नाहीये ना. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून आतली धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या कापडानं पुसायची आणि ते कापड पिशवीत बांधून टाकायचं. ब्रेकचा कॅम काढून साफ करून थोडंसंच ग्रीस लावा. डिस्क असेल तर फ्लुइड बदला, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. केबल क्लचच्या आणि ब्रेकच्या दोन्ही नव्या टाका, जुनी केबल तुटते ती नेमकी टोकाच्या नळीत, जिथे दिसत नाही.

मग मोकळा रस्ता, हेल्मेट, आणि आधी दुसऱ्या गिअरच्या वर नाही. दहा मिनिटांनी थांबा, दोन्ही हबजवळ तळहात न्या, एक जास्त तापलेला लागला तर ब्रेक चिकटतोय. गाडीखाली कागद पसरून ठेवा, थेंब कुठे पडतात ते बघायला. इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे बोल्ट परत एकदा आवळा, नवी गॅस्केट पहिल्या तापण्यात बसते. चेनचा ढिलेपणा तपासा, चाकाचे नट तपासा. आणि मग परत दहा मिनिटं.